लाल टोपीची सिरिंज, १००ची बाटली

बडोद्याला नर्सिंग कॉलेजात शिकवते, क्लासही घेते आणि पोरींबरोबर वॉर्डातही जाते. मॅनिकिनवर इंजेक्शन सगळ्या छान देतात, साइट, अँगल, हात धुणं सगळं पाठ असतं. पण वॉर्डात नातेवाईक हाका मारतायत, सिनियर घाई करतेय, अशा वेळी यांच्या तोंडातून शब्दच फुटत नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. म्हणून पोस्टिंगच्या आधी लॅबमध्ये मी चिडलेली सिनियर होते आणि त्यांनी मला थांबवायचं, मोठ्याने, कारण सांगून. एखादी रडवेली होते, तरी मी सोडत नाही.

परवा मेडिसिन वॉर्डात दांडिया बाजारातल्या एक आजी होत्या, मुलाकडे अमेरिकेत राहून नुकत्याच परत आलेल्या, इन्सुलिनची बाटलीही तिकडचीच. नाश्त्याआधी १२ युनिट द्यायचे होते. स्टाफ सिस्टरने ट्रे माझ्या सातव्या सेमिस्टरच्या मुलीच्या हातात दिला, "आपी दे ने, नाश्ता आलाच." ही आपली बाटली उजेडात धरून लेबल वाचतेय.

"बेन, एक मिनिट. बाटली १००ची आहे आणि सिरिंज ४०ची."

"डॉक्टरांनी १२ लिहिलेत ना? मग १२ दे."

"१२च द्यायचेत, म्हणूनच थांबले."

आवाज कापत होता तिचा, पण ट्रे खाली ठेवला नाही की सुई बाटलीत घातली नाही. मी मागेच उभी होते, मुद्दाम गप्प.

आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेक ४० युनिट प्रति एमएलची असते, तिला लाल टोपीची सिरिंज. अमेरिकेतली १००ची, तिला नारिंगी टोपीची. लाल सिरिंजमध्ये १२च्या रेघेपर्यंत १००च्या बाटलीतलं इन्सुलिन भरलं की ०.३ एमएल, म्हणजे तब्बल ३० युनिट गेले असते, अडीचपट! म्हाताऱ्या माणसाची शुगर धाडकन खाली येते, घाम, थरथर, ग्लानी, वेळेत कळलं नाही तर फिट येऊ शकते, माणूस कोमात जातो.

सिस्टरने बाटली हातात घेतली, वाचली आणि लगेच फार्मसीला फोन लावून नारिंगी टोपीची सिरिंज मागवली. दोघींनी मिळून डोस बघितला, मग दिला. आजी म्हणाल्या, "अगं, माझ्या सुया घरीच राहिल्या, मला वाटलं सगळ्या सारख्याच असतात."

सिस्टरला दोष देववत नाही, एवढे पेशंट एकटी बघत होती ती. मला राग आपल्या चेकलिस्टचा येतो, आमच्याकडे प्रॅक्टिकलला बाटलीचं बूच स्पिरिटने पुसायला मार्क आहेत पण थांबून विचारायला एकही नाही. इंटर्नल्सपुरते तरी ते मी आता देणार.

आणि पुढच्या बॅचला एकाच ट्रेमध्ये दोन्ही सिरिंजा, दोन्ही बाटल्या ठेवणार आहे, काहीही न सांगता. घाई करायला त्याच सिस्टरला बोलावलंय, ती हो म्हणालीय.