आमचा दुभाष्या कॉम्प्युटर

आमच्या घरी तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्ही कामाचे आहेत. मागच्या खोलीत विंडोज एक्सपी, त्याला कार्ड पंचिंगचं मशीन जोडलेलं. पुढच्या खोलीत विंडोज ७, त्यावर अण्णांचे हिशेब. तिसरा माझा विंडोज १० चा लॅपटॉप, त्यावर मी चादरीची डिझाईनं काढते. अण्णा कित्येक वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखानदारांना जॅकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं पंच करून देतात. आमचं पंचिंगचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं आणि त्याचं डोंगल, म्हणजे किल्लीसारखा जोडायचा तुकडा, प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टात बसतं. नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. त्यामुळे "कशाला जीव काढतीस, फेक की तो डबा" हा चुलतभावाचा सल्ला आमच्या कामाचा नव्हता.

डिझाईन लॅपटॉपवरून एक्सपीवर जायचं ते पेनड्राइव्हने. जॅकार्डमध्ये बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्याला एक कार्ड लागतं. ६०० धाग्यांची नक्षी म्हणजे ६०० कार्डं, दोऱ्याने एकाला एक शिवलेली. एका कार्डात एक भोक चुकलं तर ती चूक नक्षी फिरून येईल तिथे प्रत्येक वेळी उमटते. दिवाळीच्या आधी मी मोराच्या मानेत दुरुस्ती केली, ती फाइल लॅपटॉपवरच राहिली आणि पेनड्राइव्हवरची जुनी पंच झाली. मागावर चढल्यावर कळलं. अण्णा मला काही बोलले नाहीत. एकेक कार्ड ट्यूबलाइटकडे धरून भोकं तपासत बसले. दुसऱ्या दिवशी मी अशोक चौकातून केबल आणली आणि दोन्ही जुने कॉम्प्युटर राऊटरला जोडले.

सुरुवातीचा पूर्ण दिवस वर्कग्रुपमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांच्या गटाच्या नावात, गेला. एक्सपीची होम आवृत्ती होती, तिच्यात वर्कग्रुपचं नाव 'एमएसहोम' असतं, बाकी दोघांत 'वर्कग्रुप'. नाव सारखं केलं, रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. आता कळतं की वर्कग्रुपचं नाव फक्त यादीत एकमेकांना दिसण्यापुरतं आहे. पत्ता टाकून थेट जायचं असेल तर ते आडवं येत नाही. म्हणून आता मला कोणी विचारलं तर मी आधी पिंग करायला, म्हणजे एकाने दुसऱ्याला हाक मारून उत्तर येतं का पाहायला सांगते. लॅपटॉपवरून एक्सपीला पिंग जात होतं, एक्सपीवरून लॅपटॉपला जात नव्हतं. कारण लॅपटॉपने घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' धरलं होतं, म्हणजे स्टँडवरच्या वायफायसारखं, आणि फायरवॉल दार उघडत नव्हती. 'प्रायव्हेट' केलं, फाइल शेअरिंग चालू केलं, पिंग दोन्ही बाजूंनी सुरू झालं.

तरी एक्सपीवरचं शेअर केलेलं फोल्डर लॅपटॉपवरून उघडेना. नावाने गेलं तर शेवटी ३५ आकडा असलेला 'नेटवर्क पाथ सापडला नाही' हा एरर. आयपी पत्त्याने, म्हणजे आकड्यांच्या पत्त्याने, गेलं तेव्हा मात्र खरं उत्तर आलं: हा शेअर एसएमबी-वन मागतो, ते जुनं आणि असुरक्षित आहे.

दोन विंडोज कॉम्प्युटर फाइली देतात-घेतात ते एसएमबी नावाच्या बोलीत. बोली हा शब्द मी माझ्या मनाने वापरत नाही, त्या शास्त्रातही आवृत्त्यांना डायलेक्टच म्हणतात. दोघं आधी 'तुला कोणती येते' असं विचारतात आणि दोघांना येणारी निवडतात. एक्सपीला पहिलीच येते, म्हणजे एसएमबी-वन. विंडोज १० ने ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीपासून ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी मे महिन्यात फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला होता तो एसएमबी-वनमधल्याच भोकातून.

हे सगळं मी नंतर वाचलं. त्या वेळी लॅपटॉपवर विंडोज फीचर्सच्या यादीत जाऊन एसएमबी-वनच्या चौकटीत टिक केली, रीस्टार्ट केलं आणि फोल्डर उघडलं. दोन डिझाईनं गेलीसुद्धा. दिवाळीनंतर काम मंदावलं, पुढे संक्रांत आली, गड्ड्याची यात्रा झाली, दोन महिने नवं कार्ड नाही. ऑर्डर आली तेव्हा पुन्हा तोच एरर. केबल बदलली, राऊटर बंद-चालू केला, दोन रात्री गेल्या. मग फीचर्सच्या यादीत पाहिलं तर माझी टिक गायब. लॅपटॉप चालू असलेला वेळ धरून १५ दिवस एसएमबी-वन वापरलं गेलं नाही तर विंडोज ते आपोआप काढून टाकतं. हे आपोआप काढणं बंद करता येतं, त्याची वेगळी टिक तिथेच आहे. पण तोवर वॉनाक्रायचं वाचून झालं होतं. माझ्या लॅपटॉपवर बँकेचं काम चालतं, आमची वर्षानुवर्षांची डिझाईनं आहेत. तो उघडा ठेवायला मन घेईना.

आमच्या शेजारच्या अव्वांना फक्त तेलुगू येतं. पुण्याची नात आली की ती मराठी नाहीतर इंग्रजी बोलते. मधे त्यांची सून बसते, तिला सगळं येतं, आणि गप्पा तासभर चालतात. आमच्या घरात ती सून म्हणजे विंडोज ७. त्याला पहिली बोली येते आणि दुसरीही. मग एक्सपी आणि लॅपटॉपने एकमेकांशी बोलायचंच कशाला?

सेव्हनवर 'कार्ड' नावाचं एकच फोल्डर शेअर केलं. लॅपटॉप त्यात नव्या बोलीत फाइल ठेवतो, एक्सपी जुन्या बोलीत उचलतो. लॅपटॉपवर एसएमबी-वन बंदच. इथेही दोन ठिकाणी अडले. सेव्हनवरच्या युजरला पासवर्ड नव्हता आणि बिनपासवर्डच्या युजरला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. पासवर्डचा नवा युजर केला, तसाच त्याच नावाचा आणि पासवर्डचा एक्सपीवरही केला, म्हणजे एक्सपी दर वेळी विचारत बसत नाही. दुसरं, फाइल उघडत होती पण सेव्ह होत नव्हती. परवानगीला दोन कुलपं असतात: एक शेअरिंगच्या टॅबमध्ये, दुसरं सिक्युरिटीच्या. मी फक्त सिक्युरिटीचं उघडलं होतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते, आणि परत आली की राऊटर पत्ते नव्याने वाटतो. दोनदा त्यामुळे एक्सपीला सेव्हन सापडला नाही. मग सेव्हनला १९२.१६८.१.२०० हा पत्ता कायमचा दिला, राऊटर वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा. एक्सपीचे अपडेट २०१४ च्या एप्रिलमध्ये थांबले, सेव्हनचे २०२० च्या जानेवारीत, म्हणून दोघांचाही पत्ता हाताने भरताना गेटवेचा, म्हणजे घराबाहेर जायच्या दाराचा, रकाना रिकामा ठेवला. गेटवे नसला की कॉम्प्युटर घरातल्या घरात बोलतो, इंटरनेटपर्यंत पोचत नाही. जुनी मशीनं वापरायचीच असतील तर हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते.

एक्सपीवर ते फोल्डर आता झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं. परवा मोराची नवी फाइल मी पुढच्या खोलीत बसून सेव्ह केली आणि हाक मारली, "अण्णा, झेडमध्ये बघा." मागून अण्णांनी विचारलं, "मानेची का?" मी हो म्हणाले. थोड्या वेळाने पंचिंगचा ठक-ठक आवाज सुरू झाला, आणि संध्याकाळी कन्ना चौकातला पोरगा कार्डांचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन गेला.