पांढरे शूज घ्यायचेत? आधी कागदावर पाय ठेवा

गेल्या दिवाळीत मी पांढरेशुभ्र 'मिनिमलिस्ट' स्नीकर्स घेतले, म्हणजे सध्या सगळ्यांच्या पायात दिसतात ना तसेच, ना लोगो ना रंगीत पट्टी, पुढे निमुळते आणि खाली सपाट सोल. कुर्त्यावर चालतात, जीन्सवर चालतात, एका लग्नात तर साडीखाली घालून मिरवून आले. आई एवढंच म्हणाली, "शनिवारच्या पीटीचे बूट का गं घातलेस?" तिचं काही चुकलं नव्हतं, शाळेत कॅनव्हासच्या बुटांवर डाग पडला की आम्ही फळ्याचा खडू फासायचो, आता तेच रूप भरपूर पैसे मोजून घेतो.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी पलंगावरून उतरले आणि पहिल्याच पावलाला टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं. चार पावलं भिंतीला धरून टाकली की बरं वाटायचं, म्हणून महिनाभर अंगावर काढलं, शेवटी गेले ऑर्थोपेडिककडे. प्लांटर फॅसायटिस निघालं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो तो दुखावतो, आणि रात्रभर पाय स्वस्थ असतो तेव्हा आखडतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी सगळं खापर बुटावर फोडलं नाही, वजन, दिवसभर उभं राहणं, आखडलेल्या पोटऱ्या, सगळ्याचा उद्धार झाला. पण माझा शू हातात घेऊन त्यांनी मधोमध पापडासारखा दुमडला आणि म्हणाले, "अहो, बूट वाकायला हवा बोटांपाशी, जिथे आपला पाय वाकतो. हा कमरेत वाकतोय!"

घरी येऊन नेटवर बसले तर नवीनच गोंधळ. मिनिमलिस्ट म्हटलं की दोन वेगळ्याच गोष्टी समोर येतात. एक म्हणजे नुसता दिसायला साधा बूट. दुसरा खरोखरचा मिनिमलिस्ट, पातळ सोल, पुढे रुंद, टाच आणि चवडा एकाच उंचीवर, ज्याला झीरो ड्रॉप म्हणतात (नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच साधारण 8 ते 12 मिमी वर असते). माझा बूट दिसायला साधा, सपाट आणि शिवाय अरुंद, म्हणजे दोन्हीकडचं नको तेवढं घेतलेला. आणि दुखऱ्या टाचेने एकदम झीरो ड्रॉपवर उडी मारणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, त्याची सवय हळूहळूच करावी लागते. तसं बघायला गेलं तर या पांढऱ्या बुटांचं मूळ टेनिस कोर्टावर आहे, अदिदासचा स्टॅन स्मिथ घ्या, तो आधी 60च्या दशकात रॉबेर हाये या फ्रेंच खेळाडूच्या नावाने यायचा. कोर्टावर खेळायला केलेला बूट आपण दिवसभर ऑफिसच्या फरशीवर घालतो.

आता खरी कामाची गोष्ट. कोऱ्या कागदावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवायची, मग बुटातला इनसोल काढून त्यावर ठेवायचा. माझी करंगळी आणि चवड्याची कड इनसोलच्या चक्क बाहेर! लांबीला नंबर बरोबर होता, रुंदी कोण विचारतं? आपल्याकडे दुकानात लांबीचाच नंबर चालतो, तोही ब्रिटिश. चेन्नईच्या सीएलआरआय या चामडं संशोधन संस्थेने देशभरात लोकांचे पाय मोजून 'भा' नावाची भारतीय मापं सुचवलीयत, आपले पाय रुंद असतात हे त्यातही आलंय. कोल्हापुरी चप्पल पुढून मोकळी असते, तिथे करंगळीची तक्रार नसते.

यावेळी खरेदीला संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मोजे घालून दोन्ही पायांत घातले, उभं राहून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का बघितलं, टाचेमागचा भाग दाबला, बूट टॉवेलसारखा पिळून पाहिला. दुकानातले दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, घ्यायचाय की मोडायचाय?" सहावा जोड पसंत पडला. पुढून गोल, सोल जरा जाड, इनसोल निघणारा, उद्या डॉक्टरांनी सांगितलेला टाकायचा तर टाकता येईल. दिसायला लादीपावासारखा आहे, कबूल. वरचा भाग जाळीचा नको म्हटलं, पुण्याच्या पावसात पांढरी जाळी दोन दिवस टिकत नाही, गुळगुळीत असेल तर ओल्या फडक्याने पुसता येतं. आणि धुतलेच तर साबण नीट काढून सावलीत वाळवा, उन्हात ठेवले की पिवळे पडतात.

नुसत्या बुटाने टाच बरी झाली असं म्हणणार नाही, पोटरीचे व्यायाम आणि घरात फरशीवर चप्पल हेही चालू आहे. जुना जोड ठेवलाय, लग्नात दोन तास घालायला.

परवा आईचाही पाय कागदावर काढला, तर ती किती वर्षं एक नंबर लहान चप्पल घालतेय देव जाणे. मान्य करेल तर शपथ. म्हणते, "मापानेच घेतली होती गं, पायच नंतर मोठा झाला."