आमची वाटचाल : आधी बाटली, मग पाना

चिपळूणला डिझेल इंजिनांचे पंप आणि नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी) दुरुस्त करायचं आमचं दुकान 1997 साली सुरू झालं. भाड्याचा एक गाळा, हाताने चालवायचा नोझल टेस्टर आणि मुंबईत नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली शिकलेलं काम, एवढंच भांडवल होतं. गिऱ्हाईक म्हणजे वडापच्या जीपा, लाकडाचे ट्रक आणि हर्णै-दाभोळचे ट्रॉलर.

दुकानाची रीत पडली ती एका चुकीतून. दाभोळच्या एका तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, बोटीचं इंजिन ऑगस्टच्या सुरुवातीलाच धूर ओकायला लागलं. नोझल टेस्टरवर लावले तर स्प्रे पडेना, नुसती धार. नोझलच्या आतल्या सुया गंजलेल्या. मी सहाही नोझल बदलले, पैसे घेतले. वीस दिवसांत तो परत आला, नव्या सुया तशाच गंजलेल्या. तो भांडला नाही. बाकड्यावर गप्प बसून राहिला. ऐन सीझनचे दिवस बुडाले होते त्याचे.

मग मी बोटीवर गेलो आणि टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं. तासाभराने बाटलीत तीन थर दिसले. खाली पाणी, वर डिझेल आणि मधल्या रेषेवर काळी, चिकट साय. मासेमारी बंदीचे जून-जुलै बोट अर्ध्या टाकीने किनाऱ्याला उभी होती. रिकाम्या भागातली दमट हवा रात्री गार झाली की टाकीच्या पत्र्यावर पाणी धरतं. ते डिझेलहून जड, म्हणून तळाला जातं, आणि त्या दोघांच्या मध्ये जंतू वाढतात. साय त्यांचीच. फिल्टर ती गच्च करते, सुया पाणी खातं. दुसऱ्या सेटचे पैसे मी घेतले नाहीत. आणि त्या दिवसापासून बाटली बघितल्याशिवाय आमच्याकडे पाना लागत नाही.

गिऱ्हाईक यावर कंटाळायचं. एका वडापवाल्याची जीप परशुराम घाटात रोज बंद पडायची. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालायची. दोन ठिकाणी त्याला इंजिन उतरवायला सांगितलं होतं. आम्ही टाकी उतरवली. आत साखर होती, मूठ-दोन मूठ. चढाला ओढ वाढली की दाणे डिझेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर बसायचे, इंजिन बंद झालं की खाली पडायचे. साखरेने इंजिनचा गोळा होतो असं लोक समजतात, पण साखर डिझेल-पेट्रोलमध्ये जवळपास विरघळतच नाही. त्यातली चमचाभर मी बाटलीत घालून फळीवर ठेवली होती. वर्षानंतरही दाणे मोजता येत होते. टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर बदलले, इंजिनला हात लावावा लागला नाही. स्टँडवरच्या भांडणातून कुणी हे केलं असा त्याचा संशय होता. तक्रारीसाठी कागद मागितला, तेव्हा "टाकीत साखर सापडली" एवढंच लिहून दिलं. कुणी घातली ते मी बघितलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या पोटावर असा पाय देणाऱ्याचा मला आजही संताप येतो.

कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलेंडरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी रचना, आल्यावर मात्र काम अंगावर आलं. जुना नोझल साधारण 200 बारला उघडायचा, आता रेलमध्ये 1,600 बार आणि त्याच्याही वर दाब. पंपाला वंगण डिझेलचंच. त्यात पेट्रोल पडलं तर पंप कोरडा घासतो, धातूचा चुरा रेलमधून नोझल बसवलेल्या इंजेक्टरपर्यंत जातो, आणि मग टाकीपासून सगळी लाइन धुवावी लागते. गुहागरला आलेल्या पर्यटकांचे फोन येतात, "डिझेल गाडीत पेट्रोल भरलं हो!" आमचं पहिलं वाक्य ठरलेलं: चावी फिरवू नका. बऱ्याच गाड्यांत चावी दिली की टाकीतला पंप लगेच तेल पुढे ढकलतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी दुकानात शिरली. टेस्ट बेंच (पंप तपासायचं यंत्र), इंजेक्टरचे खोके, बिलांच्या वह्या, सगळं चिखलात गेलं. तिसऱ्या दिवशी आम्ही फावडी घेऊन उभे होतो आणि समोर लोक बुडालेल्या गाड्यांना सेल्फ मारत होते. सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. घसा बसेपर्यंत ओरडून सांगितलं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाड्यांचं तेल, फिल्टर बदलून, टाकी धुऊन काम भागलं. बेंच पुन्हा उभा करायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं. तोवर पुतण्याने हाताच्या टेस्टरवर दुकान चालवलं.

दाभोळचा तो तांडेल आता थकला, बोट मुलगा बघतो. बंदीच्या आधी तो टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवतो, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तळाच्या डिझेलची बाटली घेऊन येतो. या वर्षीची स्वच्छ निघाली. पुतण्याने ती उजेडात दोनदा फिरवून बघितली, आणि मुलगा चहाही न घेता बंदराकडे निघाला.