आमची वाटचाल : पतंगी कागद आणि वाशिष्ठीचं पाणी

पतंगी कागदाचा रंग पाण्यात सुटतो, आमचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे. ड्रॉईंग पेपरवर रंगीत कपटे मांडायचे, वरून ओला ब्रश फिरवायचा आणि वाळले की उचलायचे. कागद जातो, रंग राहतो. पिवळ्यावर निळा पडला की पोर ओरडतं, "काकू, मी हिरवा घेतलाच नव्हता!" या ओरडण्यापायी मी आणि माझ्या धाकट्या जावेने चिपळूणच्या बाजारात गाळा घेतला.

कागदाच्या रिमा, म्हणजे तावांचे गठ्ठे, मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्ल्यांतून आणायचो. पॅसेंजरमध्ये मांडीवर ठेवून, कारण ताव दुमडला की गेला. चिकटवायची खळ जाऊ शिजवायची, मैद्याची, पातळ, एक गुठळी नाही. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते विषारी. मुलांच्या खळीत ते चिमूटभरही नको, पोरं बोटं चाटतात. रोजची रोज शिजवा, उरलेली टाका. आणि कात्री शेवटी द्या. हाताने फाडलेल्या कपट्याची कड मऊ असते, रंग तिथून छान पसरतो.

मग पुष्कळ वर्षं नीट चाललं. मे महिन्यातली शिबिरं, शाळा, आकाशकंदील. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मखरांसाठीही कागद खपला.

२२ जुलै २०२१. गाळ्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती आणि आमचा सगळा माल त्या खुणेच्या दोन फूट वर. त्या दिवशी वाशिष्ठी नदीच्या पुरात खूण बुडाली, फळ्या बुडाल्या, पाणी पोटमाळ्यात शिरलं. शटर उचकटलं तेव्हा आत गुडघाभर चिखल. रिमांचे ठोकळे झालेले. लाल, जांभळा, मोरपंखी, सगळे रंग सुटून भिंतीवरून ओघळले होते. जाऊ पायरीवर बसली ती उठेना. गणपतीला पन्नास दिवस राहिले होते.

आमच्याच लाईनीतला एक व्यापारी. त्याचं गोडाऊन चढावर, पाणी लागलं नाही. सुरुवातीला आमच्याकडून उधारीवर कागद नेलेला माणूस. त्याने शाळाशाळांत सांगितलं, "त्यांचा माल पुरातला आहे, मुलांच्या हातात देऊ नका." एकही भिजलेला ताव आम्ही विकला नाही. सगळे ठोकळे आमच्या डोळ्यांदेखत जेसीबीने उचलून नेले. पण कोरोनात बंद पडलेल्या शाळा उघडल्या तेव्हा तीन शाळांत त्याची पाकिटं पोचली होती. आत मशीनवर कापलेले गोल नि चौकोन आणि पक्क्या रंगाचा कागद. पाणी लावा, काही होत नाही! मुलाने नुसतं चिकटवायचं. याला कला म्हणतात? हे मला आजही बोचतं.

त्या पुरानंतर आठ दिवसांत शृंगारतळीकडच्या बाई एसटीने आल्या. शाळा बंद होत्या, त्या वाडीतल्या पडवीत दहा-दहा मुलं बसवून शिकवायच्या. पिशवीतून पाकीट काढलं, "चाळीस मुलांचं सामान, ॲडव्हान्स आहे, मोजून घ्या."

"बाई, कागदच नाही."

"मग जाऊन आणा. आम्ही थांबतो."

त्या पैशांतून नव्या मालाची पहिली खेप आली. आठ रंग, प्रत्येकी दोन दस्ते. पडवीत मुलांनी समुद्र केला. पाऊस लागलेला, कागद दोन दिवस वाळेना. (पावसाळ्यात इस्त्री फिरवायच्या फंदात पडू नका. दोरीवर चिमट्याने लावा, खालून पंखा सोडा, आणि लाल-हिरवा शेजारी ठेवू नका, चिखल होतो.) त्यातलं एक चित्र बाईंनी आम्हाला दिलं. खालच्या कोपऱ्यात कुणाचा तरी निळा अंगठा उमटलाय.

तीनपैकी एक शाळा परत आली, दोन अजून नाहीत. माल आता माळ्यावर राहत नाही, जावेच्या माहेरी, चढावरच्या घरात ठेवतो आणि लागेल तेवढा रोज सकाळी रिक्षाने खाली आणतो.