म्हातारे रॉकर आणि आमची ठाणे लोकल

आज नेरूळहून ठाणे लोकल पकडली तर समोर दोन कॉलेजची पोरं जोरजोरात भांडत होती, की सत्तरी ओलांडलेल्या रॉक सिंगरनी आता गप घरी बसावं. एक म्हणे आवाज गेला की संपलं. मी कान देऊन ऐकत होतो, घणसोली आलं तरी त्यांचं चालूच.

अरे पण रोलिंग स्टोन्स बँडचा गायक मिक जॅगर 2024 ला 80 व्या वर्षी अख्खी अमेरिका टूर करून आला ना! आपल्याला 45 ला ठाणे स्टेशनचा जिना चढवत नाही. उलट एरोस्मिथ या रॉक बँडने त्याच वर्षी टूर बंद केल्या, त्यांच्या गायकाच्या, स्टीव्हन टायलरच्या गळ्याची दुखापत बरीच होईना म्हणून, तेही बरोबरच वाटलं मला. आणि ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न? पार्किन्सन्स झालेला, उभं राहता येत नव्हतं तर 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमला सिंहासनावर बसून गायला, आणि 22 जुलैला गेलाच. त्याला कोण सांगणार होतं थांब म्हणून? सूर हलतो थोडा, हलू दे की, लोक रडत होते तिथे.

फक्त लिपसिंक करून, म्हणजे रेकॉर्डिंगवर नुसते ओठ हलवून, हजारोंचं तिकीट लावणारे, त्यांनी मात्र खरंच घरी बसा राव.