क्लास कुठला लावला होता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंय, माझ्या नणंदेनं विचारलंय, स्टॉपवर भेटणाऱ्या एका मुलीनं तर दोनदा विचारलंय: "इंग्रजीचा क्लास कुठला लावला होता?" मी "कुठलाच नाही" म्हणाले की समोरचीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, ही काही सांगायची नाही.

तसा एक लावला होता. नाव घेत नाही. "९० दिवसांत फाडफाड इंग्रजी" अशी पाटी होती. (फाडायचं नेमकं काय असतं, ते मला अजून कळलेलं नाही.) आठ हजार भरले. पहिल्या दिवशी चाळीस जणांसमोर उभी राहून नाव-गाव सांगितलं आणि त्यानंतर तोंड उघडायची पाळी आलीच नाही. बारा काळांचा तक्ता फळ्यावरून वहीत उतरवला. तोच तक्ता शाळेतही उतरवला होता. महिन्यानं जायचं बंद केलं.

माझी शाळा बार्शीजवळची, जिल्हा परिषदेची. एबीसीडी पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे २००० साली आलं, तोवर मी दहावीला येऊन ठेपले होते. पुढं कॉमर्स, लग्न, पुण्यात धनकवडी, आणि भोसरीच्या एका कंपनीत डिस्पॅचचं काम. चलन, इनव्हॉइस वाचता येत होतं. जुनी ई-मेल कॉपी करून त्यात तारीख बदलता येत होती. बोलायचं म्हटलं की घशाला कोरड.

एकदा चेन्नईच्या पार्टीचा फोन आला. ते विचारत होते, मॅडम जागेवर आहेत का. मी ठणकावून सांगितलं, "आय एम हिअर ओन्ली." केबिनमधले साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. काय चुकलं ते मला बरेच महिने कळलं नाही. "मी इथेच आहे" मधला तो "च" मी जसाच्या तसा उचलून पलीकडे ठेवला होता. इंग्रजीला "च" नाही. तिथं हे काम आवाज करतो, ज्या शब्दावर जोर द्यायचा तो शब्द दाबून म्हणायचा. हे त्या बारा काळांच्या तक्त्यात कुठंच नव्हतं.

सुरुवात केली ती मुलाच्या पुस्तकापासून. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मी सहावीचं इंग्रजी उतरवून घेतलं. धनकवडी ते स्वारगेट, तिथून भोसरी, असा जाताना दीड तास. शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून फोन तिरका धरून सहावीचे धडे वाचायचे. आठवीपर्यंत आले तेव्हा फोन सरळ धरायला लागले.

मग ऐकणं. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा एक कार्यक्रम आहे. दोघं जण गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, उत्तर शेवटी देतात, मधे सहा शब्द समजावतात. त्याची संहिताही लिहिलेली मिळते, आणि कशाचेच पैसे नाहीत. पण फुकटाची एक गंमत असते. एवढं समोर पडलेलं असतं की माणूस नुसता गोळा करत सुटतो. पहिल्या महिन्यात मी चाळीसेक भाग ऐकले आणि त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं. लग्नाच्या जेवणात सगळंच पानात वाढून घ्यावं आणि उठताना पोट बिघडलेलं असावं, तसं झालं. शेवटी ठरवलं, आठवड्याला एकच भाग. सोमवारी नुसता ऐकायचा, कळो न कळो. मंगळवारी संहिता समोर धरून. बुधवारपासून त्यांच्या मागोमाग ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं. मास्क लावायचे दिवस होते, कुणाला काही कळायचं नाही. शनिवारपर्यंत तो भाग पाठ व्हायचा, नुसते शब्द नाहीत तर कुठं श्वास घेतात, कुठले शब्द गिळतात, तेसुद्धा. तोही वेग झेपत नसेल तर व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओनं १९५९ साली सुरू केलेला एक प्रकार होता; २०२५ मध्ये नवे भाग थांबले, जुने ऐकावेत. साधारण दीड हजार शब्दांतच बातम्या, छोटी वाक्यं आणि मुद्दाम सावकाश वाचन. माझ्या नणंदेला मी तो ऐकायला लावलाय. तिला झोप येते म्हणते.

बोलून दाखवायला माणूस नव्हतं, म्हणून फोनला बोलून दाखवलं. कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं ना, ते दाबून बोललं की तो ऐकलेलं टाइप करतो. भाषा तेवढी इंग्रजी निवडायची. मी म्हणाले, वेस्ट झोनचा माल निघाला. त्यानं लिहिलं ते "व्हेस्ट झोन", म्हणजे "बनियन झोन". घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. आपला "व" एकच. इंग्रजीत दोन आहेत: एकाला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, दुसऱ्याला दात लांब ठेवून ओठांचा चंबू करायचा. पश्चिम हवी असेल तर चंबू. आरशासमोर पंधरा दिवस गेले त्यात. फोन हसत नाही आणि सांभाळूनही घेत नाही, जे ऐकू आलं ते लिहून मोकळा होतो. हल्ली भाचा म्हणतो, मामी, त्या एआयशी गप्पा मार. मारते. पत्राचा मसुदा दिला की चुका बऱ्या काढून देतो, पण मेला प्रत्येक वाक्याला छान छान म्हणतो. त्याच्यावर माझा तितका विश्वास बसत नाही.

सगळ्यात जास्त अडखळले ते "मला"पाशी. मला राग आला, मला भूक लागली, मला ताप आहे, मला उशीर झाला, मला कंटाळा आला. आपल्याकडे राग, भूक, कंटाळा हे सगळे पाहुण्यासारखे आपण होऊन येतात, आपण नुसते दारात उभे असतो. इंग्रजीत दरवेळी "मी" पुढं व्हायचं: मी रागावलेली आहे, मी भुकेली आहे, मी उशिरा आहे. व्याकरण म्हणून हे पाच मिनिटांत कळतं. पण तोंडात बसायला मला दोन वर्षं लागली. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला स्वतःला उभं करायची सवयच नव्हती.

असले शब्द तपासायला मी मोल्सवर्थ साहेबाचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडते. १८५७ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, मराठी शब्द टाकून शोधता येते. मोल्सवर्थच्या बरोबरीनं कोशाचं काम केलेले थॉमस कँडी आपल्या पुण्यातच, विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेचे अधीक्षक होते. साहेबानं मराठी शिकायला केलेलं पुस्तक, मी उलट्या बाजूनं वापरते. आत्ताच्या ऑफिसात चालणारं इंग्रजी त्यात मिळणार नाही, ते नव्या कोशातच बघावं. पण एका मराठी शब्दाला चार-पाच इंग्रजी शब्द लावून बघणारा तो जुना माणूस वाचताना मला बरं वाटतं. तोही बिचारा अडखळलेला दिसतो.

फुकट मिळालं नाही ते समोरचं माणूस. ते नशिबानं मिळालं. स्टोअरला केरळची एक मुलगी आली, तिला मराठी नाही, हिंदी जेमतेम. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचो. तिच्या चुका वेगळ्या, माझ्या वेगळ्या, त्यामुळे डबा निवांत संपायचा. थालीपिठाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर एक अख्खी सुट्टी गेली. शेवटी तिनं "थालीपीठ"च म्हणायला सुरुवात केली.

आता स्वारगेटहून नाशिक फाट्यापर्यंत मेट्रो आहे. वेळ वाचतो, म्हणजे माझा क्लास आखडला. चेन्नईचे फोन मीच घेते, अजूनही खुर्चीतून उठून उभी राहूनच. बाकी "द" कुठं लावायचा आणि कुठं नाही, ते तेवढं मला विचारू नका. तो मी अजून पिठात मीठ घालते तसा अंदाजानंच घालते, आणि कधीकधी जास्त होतो.