तुम्ही विचारलंत म्हणून: आधी मे महिन्यात या

"शहर सोडून शेतावर, होईल तितकं स्वतःच्या जिवावर राहायचंय. तालुका कसा पारखायचा?" मी महाड तालुक्यातल्या एका वाडीत राहतो, म्हणून हे मला सतत विचारलं जातं. उत्तरही इथलंच देतो.

जागा बघायला श्रावणात येऊ नका. तेव्हा सगळंच हिरवं असतं. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात कित्येक वाड्यांना टँकर लागतो, कारण डोंगरउतारावरचं पाणी सावित्री नदीतून खाडीला जाऊन मिळतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात या, विहिरीत डोकवा. झरा कधी आटतो ते हंडे घेऊन आलेल्या बायकांना विचारा. जमीन विकणारा ते सांगणार नाही. पिण्या-रांधण्याला चार माणसांना रोज 40 लिटर धरले, तर होळीपासून मृगापर्यंतच्या, फार तर शंभर दिवसांना 4000 लिटर लागतात. 100 चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात जवळजवळ 3 लाख लिटर पडतं. म्हणजे छप्पर आणि टाकी नीट असली, तर निदान पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागत नाही.

मग जुलैत परत या. 22 जुलै 2021 ला महाड शहर पुरात बुडालं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. तिथे 80 हून जास्त माणसं गेली. रस्ते तुटलेले, फोन बंद. बाहेरची मदत पोचेतो दुसरा दिवस उजाडला. नकाशावर बघाल तर महाडला वाटा पुष्कळ: मुंबई-गोवा महामार्ग, वरंध घाट, पोलादपुराहून आंबेनळी. पण त्या सगळ्या एकाच पावसाने बंद होतात. महामार्गावरचा सावित्रीचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला. म्हणून रस्ते मोजू नका, ते कशाने तुटतात ते बघा. घराच्या वर डोंगराला भेग आहे का, झाडं कलली आहेत का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं का, हे सातबाऱ्याइतकंच बारकाईने पाहा.

सातबाऱ्यावरून आठवलं: शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ते आधी तपासा.

दवाखान्यात एवढंच विचारा, साप चावल्यावरचं इंजेक्शन आहे का, आणि रात्री डॉक्टर असतात का. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच तालुक्यात असंख्य जीव वाचवले. औषध आणि ते देणारा माणूस दोन्ही जवळ हवेत.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी तुम्ही शिकाल: तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, मीठ, कोरडी लाकडं. पण मला सगळ्यात जास्त काळजी कुलपांची वाटते. आमच्या अकरा घरांपैकी सहा गणपतीलाच उघडतात. एकटं कुटुंब स्वयंपूर्ण होतं यावर माझा विश्वास नाही. झालीच तर वाडी होते. दरड आली तर पहिलं फावडं शेजाऱ्याचंच पडणार. म्हणून माझ्या दारामागे एक वही टांगलेली आहे. दोर कुणाकडे, कुणाला रोजची गोळी लागते, कोण गरोदर आहे, कुठल्या म्हातारीला उचलून न्यावं लागेल. दर वर्षी मेअखेर पाचही घरं एकत्र बसून ती नव्याने लिहितो.